गुराबेच्या पोटाखालचं शिसं : एका वादाची पार्श्वभूमी

ठाण्यात तलावपाळीवर किंवा उपवन तलावात रिमोटवर चालणारं शिडाचं जहाज पाण्यात उतरलं, की हौशी मंडळींमध्ये एक वाद ठरलेला असतो. गुराब या मराठा लढाऊ जहाजाच्या मॉडेलला खालून शिशाचा खोटा पठाण, म्हणजे जहाज सावरण्यासाठी बुडाखाली खोल जाणारं वजनदार पातं, लावावा की लावू नये?

१६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि कल्याणच्या खाडीकाठी, दुर्गाडीजवळ, आरमारासाठी जहाजं बांधायला सुरुवात झाली. या आरमारातली मोठी लढाऊ जहाजं म्हणजे गुराबा. दोन किंवा तीन डोलकाठ्या, पुढे लांब काढलेली नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, तिच्यावरून समोर मारा करणाऱ्या तोफा. बूड मात्र उथळ. खोल बुडाचं जहाज पाठीशी लागलं, तर त्याला बाहेर ठेवून स्वतः खाडीत शिरायचं, यासाठी ते तसंच हवं होतं. आजच्या वादाचं मूळ त्या उथळ बुडात आहे.

रेडिओचा भाग मानाने सोपा. लहरींवर चालणारी होडी १८९८ मध्येच न्यूयॉर्कला हौदात चालवून दाखवली गेली. २७ मेगाहर्ट्झच्या सेटच्या काळात काठावर आल्या आल्या एकमेकांचं क्रिस्टल, म्हणजे सेट कोणत्या लहरीवर चालणार ते ठरवणारा सुटा भाग, विचारावं लागे. दोघांचं सारखं निघालं तर एकाने सेट बंद ठेवायचा, नाहीतर एकाने आपल्या रिमोटची काडी हलवली की दुसऱ्याच्या जहाजाचं सुकाणू फिरे. आपल्याकडे २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला आणि पुढे या पट्ट्यातले सेट रुळल्यावर ती कटकट संपली. या लहरी पाण्यात टिकत नाहीत, म्हणून रिसीव्हरची अँटेना पाण्याच्या रेषेच्या वर, जमल्यास डेकखाली उंचावर बसवायची, एवढं पथ्य उरलं.

खरी अडचण वाऱ्याची आहे. मॉडेल ५० पट लहान करता येतं, तलावावरचा वारा लहान करता येत नाही. लांबी ५० पट घटली की शिडाचं क्षेत्रफळ २,५०० पट घटतं, पण वजन १,२५,००० पट. समजा, मूळ जहाज ३० मीटर लांब आणि २५० टन वजनाचं. त्याचं मॉडेल ६० सेंटिमीटरचं आणि जेमतेम २ किलोचं होतं. कलवणारा जोर लांबीच्या घनाने कमी होतो, सावरणारा जोर चौथ्या घाताने. म्हणजे त्याच झुळकीत मॉडेल मूळ जहाजापेक्षा ५० पट लवकर कलतं. घरात कपड्यांच्या टबात, पोटात नटबोल्टचं नीरम, म्हणजे जहाज ताठ ठेवणारं वजन, भरून ताठ उभी राहिलेली गुराब तलावावर पहिल्याच झोताला शीड पाण्याला टेकवते, ते यामुळे.

पठाणाला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं, की ज्या उथळ बुडासाठी हे जहाज ओळखलं जातं, त्याच्याखालीच २५ सेंटिमीटरचं पातं लोंबकळवलं तर ती गुराब उरत नाही. त्यांचा उपाय मॉडेल मोठं करण्याचा. २४ पट लहान केलं तर तेच जहाज सव्वा मीटरचं, १८ किलोचं होतं आणि निव्वळ पोटातल्या नीरमावर पुष्कळ सावरतं. हे खरं आहे. पण १८ किलोचं जहाज, त्याच्या काठ्या आणि परबाणं (शिडाचे आडवे वासे) घेऊन लोकलने कळव्याहून येणारा शाळकरी मुलगा ते कसं आणणार, याचं उत्तर त्या बाजूने मिळत नाही. पाण्याच्या वरचं एकेक दोरखंड खरं ठेवावं आणि पाण्याखाली जहाजाला तरायला मदत करावी, यात मला फसवणूक दिसत नाही.

आता बहुतेक जण सुटा पठाण करतात. बुडातून डेकपर्यंत पितळी नळी उभी एपॉक्सीत बसवायची, पात्याची आटे पाडलेली सळई खालून घालायची आणि वर डोलकाठीच्या बुंध्याशी लपणारी चाकी आवळायची. घरी कपाटात ठेवताना चाकी सोडली की बूड पुन्हा उथळ. गणपतीनंतर तलावात दोरे आणि शेवाळ फार असतं, ते पात्याला गुंडाळून जहाज जागच्या जागी फिरू लागतं. म्हणून ठाण्यात पातं सरळ खाली न सोडता मागे कललेलं करतात. अडकलेला दोरा त्यावरून घसरून खाली निघून जातो.