बी.एड. प्रवेश पात्रता (महाराष्ट्र)

माध्यमिक शाळेत शिकवण्यासाठी लागणाऱ्या बी.एड. या विद्यापीठीय पदवीला प्रवेश मिळण्याच्या अटींना बी.एड. प्रवेश पात्रता म्हणतात. या अटींचे तीन थर आहेत. किमान शैक्षणिक अर्हता राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद (एनसीटीई) ठरवते. प्रवेश परीक्षा आणि आरक्षण हा राज्य शासनाचा विषय. कोणत्या पदवीधराने शाळेतला कोणता विषय शिकवायला शिकायचे, हे बहुतेक वेळा विद्यापीठाच्या नियमांवर ठरते. अर्ज करणाऱ्याचा गोंधळ उडतो तो याचमुळे: एका थरात पात्र ठरलेला माणूस दुसऱ्यात अडकू शकतो.

या पदवीचे जुने नाव बी.टी., म्हणजे बॅचलर ऑफ टीचिंग. माध्यमिक शिक्षक घडवणारे मुंबईचे सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज १९०६ मध्ये सुरू झाले. जुन्या वाड्यांच्या दारावर ‘बी.ए., बी.टी.’ अशी पाटी दिसली की घर हायस्कुलातल्या मास्तरांचे, हे वेगळे सांगावे लागत नसे. आधी पदवी, मग शिकवण्याचे शिक्षण हा क्रम तेव्हापासूनचा. एनसीटीईचा कायदा १९९३ चा असून परिषद १९९५ पासून काम करते. तिच्या २०१४ च्या विनियमांनी एका वर्षाचे बी.एड. दोन वर्षांचे केले. २०१५-१६ पासून ते लागू झाले आणि आजच्या पात्रतेचा पायाही तेच आहेत.

मुख्य अट गुणांची आहे. विज्ञान, सामाजिक शास्त्रे, मानव्यविद्या किंवा वाणिज्य यांतील पदवीला अथवा पदव्युत्तर पदवीला किमान ५० टक्के गुण हवेत. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय उमेदवारांसाठी ही मर्यादा ४५ टक्के आहे. या वाक्यातला ‘अथवा’ फार कामाचा. बी.ए.ला ४७ टक्क्यांवर थांबलेली मुलगी एम.ए.ला ५० टक्के मिळवून याच दारातून आत येऊ शकते, आणि अशा वाटेने आलेले विद्यार्थी वर्गात कमी नसतात. पहिल्या प्रयत्नात हुकलेल्यासाठी नियमानेच ठेवलेली ही फट आहे. दुर्दैवाने अनेकांना ती दोन वर्षे उशिरा कळते.

अभियांत्रिकी पदवीधरांना वेगळा न्याय आहे. ‘विज्ञान व गणित यांतील विशेषीकरणासह’ बी.ई. किंवा बी.टेक. आणि ५५ टक्के गुण, अशी ती अट. आता यंत्र किंवा स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदवीपत्रावर ‘विज्ञान व गणित’ असे विशेषीकरण कुठून छापून येणार? मसुदा लिहिणाऱ्यांना बहुधा एवढेच म्हणायचे होते की या उमेदवाराने गणित-विज्ञान शिकवावे. शब्द मात्र तसे उतरले नाहीत.

श्रेयांक पद्धत आल्यापासून टक्केवारी काढणे हेही एक काम झाले आहे. गुणपत्रिकेवर सीजीपीए, म्हणजे सर्व सत्रांची मिळून सरासरी श्रेणी असते, अर्जात टक्के भरायचे असतात, आणि रूपांतराचे सूत्र विद्यापीठागणिक बदलते. अर्जात टाकलेला आकडा त्या विद्यापीठाच्या सूत्राशी जुळला नाही तर कागदपत्रांच्या तपासणीत तो अडतो. ५० च्या आसपास असलेल्यांनी विद्यापीठाचे रूपांतरपत्र आधीच हातात ठेवावे, हा जाणत्यांचा सल्ला.

दुसरी अट सीईटीची. राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष ही संगणकावरची परीक्षा घेतो. ९० मिनिटांत १०० बहुपर्यायी प्रश्न, आणि चुकलेल्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. ४० प्रश्न बौद्धिक क्षमतेचे, ३० सामान्य ज्ञानाचे आणि ३० शिक्षक अभियोग्यतेचे. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यालाही ती देता येते; निकाल प्रवेशाच्या वेळेपर्यंत हाती असला म्हणजे झाले. इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयासाठी ईएलसीटी ही इंग्रजीची वेगळी चाचणी आहे. सीईटीत पास-नापास असा शेरा नसतो, तिच्यावरून फक्त क्रम लागतो.

सीईटीतल्या प्रश्नांच्या या विभागणीकडे थोडे थांबून पाहायला हवे. अभियोग्यतेचे प्रश्न ‘वर्गात एखादा विद्यार्थी सतत गप्प बसतो, तुम्ही काय कराल?’ अशा धाटणीचे असतात. चार पर्यायांत शिक्षा करणारा एक, दुर्लक्ष करणारा एक, पालकांवर ढकलणारा एक आणि समजूतदार एक. समजूतदार पर्याय ओळखायला शिक्षकाचा पिंड असावा लागत नाही, सराव पुरतो. अंकमालिका आणि नातेसंबंधांची कोडी सोडवणारा पुढे जातो. खडू हातात घेऊन पाच मिनिटे उभे राहता येते का, हे प्रवेशाच्या कोणत्याही टप्प्यावर कुणी पाहत नाही. हजारो अर्ज निकाली काढायचे तर दुसरा सोपा मार्ग नाही, हेही खरे.

परीक्षेनंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, म्हणजे ‘कॅप’. इथे कागद बोलतात. आरक्षित जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते. ते पडताळणी समितीकडून येते आणि आपल्या वेळेने येते. इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) उमेदवारांना चालू मुदतीचे नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्रही लागते. अनुसूचित जाती-जमातींना ते लागत नाही. अधिवास, शाळा सोडल्याचा दाखला, नाव बदलले असल्यास राजपत्र हे सगळे त्याच फायलीत. लग्नानंतर नाव बदललेल्या उमेदवाराची पदवी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने आणि जातीचा दाखला तिसऱ्याच स्पेलिंगने असतो. या प्रक्रियेत सेतू केंद्राच्या फेऱ्या मारणाऱ्यांत अशा बायका हमखास दिसतात. वयाची कमाल अट नसल्याने दहा-बारा वर्षांच्या खंडानंतर येणाऱ्याही बऱ्याच असतात.

प्रवेश मिळाला की ‘मेथड’चा प्रश्न येतो. छात्राध्यापकाला आपल्या पदवीच्या विषयाशी जुळणारी अध्यापन पद्धती घ्यावी लागते. मराठी, इतिहास, भूगोल, गणित यांचे पदवीधर निवांत असतात. मानसशास्त्र किंवा तत्त्वज्ञानवाल्यांची अडचण होते, कारण दहावीपर्यंतच्या वेळापत्रकात त्यांचा विषयच नाही. हा नियम माहितीपुस्तिकेत शोधण्यापेक्षा महाविद्यालयात जाऊन विचारलेला बरा.

आत गेल्यावर उपस्थितीची अट कडक आहे: अभ्यासक्रम आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के, शालेय आंतरवासितेला, म्हणजे शाळेत राहून प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाला, ९० टक्के. आंतरवासिता दोन वर्षांत मिळून २० आठवड्यांची. सूक्ष्म अध्यापन (एकेका कौशल्याचा छोटा पाठ), पाठ टाचण (पाठाचा लेखी आराखडा) आणि मागच्या बाकावर वही घेऊन बसलेले निरीक्षक, असा तो काळ. शिकवता येते की नाही याचा निकाल इथे लागतो.

बी.एड.ला पात्र असणे आणि नोकरीला पात्र असणे यांत मात्र अंतर आहे. २०१८ च्या एनसीटीई अधिसूचनेने बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीचे वर्गही खुले केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी तो मार्ग बंद केला. त्या वर्गांसाठी बारावीनंतरची डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदविका हेच योग्य प्रशिक्षण, असा निकालाचा आशय. सहावी ते आठवीसाठी बी.एड.सोबत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा लागते. प्राथमिक शाळेत जायचे ठरवलेल्याने बी.एड.चा अर्ज भरणे म्हणजे चुकीच्या फलाटावर उभे राहणे, आणि तरीही दरवर्षी कुणी ना कुणी तिथे उभे असतेच.

याच पदवीला आणखी काही वाटा आहेत. दूरशिक्षणाने होणाऱ्या बी.एड.ला, उदाहरणार्थ नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात, नवख्याला प्रवेश नाही. सेवेत असलेला प्रशिक्षित प्राथमिक शिक्षक किंवा नियमित वर्गांतून मान्यताप्राप्त अध्यापक अभ्यासक्रम पूर्ण केलेलाच तिथे चालतो. विशेष बी.एड. भारतीय पुनर्वास परिषदेच्या अखत्यारीत येते. तीन वर्षांच्या एकात्मिक बी.एड.-एम.एड.ला ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी हवी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३० पर्यंत चार वर्षांचे एकात्मिक बी.एड. हीच शिक्षकाची किमान पदवी व्हायची आहे. तो अभ्यासक्रम (आयटीईपी) २०२३-२४ पासून निवडक संस्थांत सुरू झाला असून त्याला बारावीनंतर एनसीईटी या राष्ट्रीय परीक्षेतून प्रवेश मिळतो. २०२५ मध्ये परिषदेने जाहीर केलेल्या नव्या विनियमांच्या मसुद्यात चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असणाऱ्यांसाठी एका वर्षाचे बी.एड. परत आणण्याचा प्रस्ताव आहे.