शेतकरी पंतप्रधान आणि बार्शेबेकची दुसरी भट्टी

स्वीडनचे पंतप्रधान म्हटले की आपल्याकडे ओलोफ पाल्मे आठवतात आणि पाठोपाठ बोफोर्स. पण स्वीडनमध्ये सध्या नव्या अणुभट्ट्यांचा जो घाट घातला जातो आहे, त्याची मागची गोष्ट पाल्मेंपाशी सुरू होत नाही. पाल्मेंना हरवून सत्तेवर आलेल्या, मेंढ्या पाळणाऱ्या आणि बटाटे पिकवणाऱ्या एका शेतकऱ्यापाशी ती सुरू होते. त्याचे नाव थोर्ब्यॉर्न फेल्डिन.

फेल्डिन यांचा जन्म १९२६चा, उत्तरेकडच्या ओंगरमनलांड प्रांतातला. रामविक इथे त्यांचे शेत होते. १९५८मध्ये ते संसदेत, म्हणजे रिक्सडागमध्ये, निवडून आले. त्यांचा सेंटर पक्ष थोड्याच काळापूर्वीपर्यंत ‘शेतकरी संघ’ या नावाने ओळखला जाई. शेती करणारी माणसे कमी होत चालली, तेव्हा पक्षाने नाव बदलले आणि पर्यावरण, विकेंद्रीकरण हे विषय हाती घेतले. १९७१मध्ये फेल्डिन पक्षाध्यक्ष झाले. १९७३च्या निवडणुकीत पक्षाला २५ टक्क्यांच्या वर मते पडली. त्या निवडणुकीचा निकालही मजेशीर होता : समाजवादी आणि बिगरसमाजवादी, दोन्ही गटांना १७५-१७५ जागा. पुढची तीन वर्षे मते समसमान पडली की चक्क चिठ्ठी काढून निर्णय होई. शहाणे होऊन त्यांनी पुढच्या खेपेपासून सभागृहाची एक जागा कमी केली, ३४९ केल्या.

पाल्मेंचा पक्ष, म्हणजे सोशल डेमोक्रॅट, १९३२पासून सत्तेत होते. १९३६च्या उन्हाळ्यातले थोडे दिवस सोडले तर सलग. इतक्या वर्षांत कारभाराला सुस्ती आणि मग्रुरी येणारच. १९७६च्या जानेवारीत चित्रपट-दिग्दर्शक इंगमार बर्गमनला करचुकवेगिरीच्या संशयावरून नाटकाच्या तालमीतून पोलिसांनी उचलून नेले. मार्चमध्ये लेखिका आस्ट्रिड लिंडग्रेन यांनी आपल्यावर १०२ टक्के कर बसतो, हे वर्तमानपत्रात गोष्ट लिहून दाखवून दिले. हवा फिरली होती, आणि त्या हवेत फेल्डिन गावोगाव एकच गोष्ट सांगत होते : अणुऊर्जा नको. भट्टीतला कचरा हजारो वर्षे सांभाळायचा कुणी, हा त्यांचा प्रश्न होता. कोणत्याही मंत्रिपदासाठी आपण या मताशी तडजोड करणार नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगून टाकले.

१९ सप्टेंबर १९७६ला ४४ वर्षांची सत्ता गेली. ऑक्टोबरमध्ये फेल्डिन पंतप्रधान झाले, पण बरोबरचे मॉडरेट आणि लिबरल हे दोन्ही पक्ष अणुऊर्जेच्या बाजूचे. आणि दारात उभा होता बार्शेबेक अणुवीज केंद्राचा प्रश्न. डेन्मार्कच्या समोरच्या किनाऱ्यावर, कोपनहेगनपासून जेमतेम वीस किलोमीटरवर, दुसरी भट्टी इंधन भरायला तयार होती. फेल्डिन यांनी परवानगी दिली. शब्द मोडला, तोही पहिल्याच आठवड्यांत. बदल्यात त्यांनी १९७७मध्ये एक कायदा पदरात पाडून घेतला : कचऱ्याची सुरक्षित सोय दाखवल्याशिवाय नव्या भट्टीत इंधन भरता येणार नाही. माझ्या मते त्यांची खरी कमाई ती हीच. लोकांनी मात्र लक्षात ठेवला तो मोडलेला शब्द.

बाकी कारभारातही उलटेच घडले. समाजवाद्यांना हटवून आलेल्या या सरकारने बुडत्या जहाजबांधणी कारखान्यांना वाचवण्यासाठी ते सरकारी मालकीचे केले. पंतप्रधान स्वतः मात्र स्टॉकहोममध्ये भाड्याच्या छोट्या घरात राहत, स्वतः रांधत, कचरा स्वतः टाकत आणि पायी कचेरीत जात. शेत बायको सांभाळी. १९७८च्या ऑक्टोबरात आणखी दोन भट्ट्यांवरून वाद विकोपाला गेला आणि त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्यामागे ३९ खासदारांच्या लिबरल पक्षाचे उला उल्स्टेन पंतप्रधान झाले. स्वीडनमध्ये बहुमत विरोधात गेले नाही की भागते, म्हणून हे जमले.

मग मार्च १९७९मध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंड या अणुवीज केंद्रात अपघात झाला. सोशल डेमोक्रॅटांनी प्रश्न थेट जनतेपुढे, सार्वमताला न्यायचे कबूल केले. सप्टेंबरच्या निवडणुकीत एका जागेच्या बहुमताने फेल्डिन पुन्हा पंतप्रधान. २३ मार्च १९८०च्या सार्वमतात पर्याय मात्र दोन नव्हते, तीन होते. पहिला आणि दुसरा जवळपास एकच : बारा भट्ट्यांपर्यंत जाऊ, मग हळूहळू बंद करू. फेल्डिन यांचा तिसरा : दहा वर्षांत सगळ्या बंद. दुसऱ्याला ३९.१ टक्के, तिसऱ्याला ३८.७, पहिल्याला १८.९. असे तीन रकाने मांडले की कोण जिंकले यावर वर्षानुवर्षे भांडता येते, आणि स्वीडिश लोक भांडलेही. संसदेने २०१०पर्यंत सगळ्या भट्ट्या बंद करायचे ठरवले. आधी मात्र बारा पुऱ्या झाल्या.

ऑक्टोबर १९८१मध्ये सोव्हिएत पाणबुडी कार्ल्सक्रोना या नाविक तळाजवळच्या खडकात अडकली. सोव्हिएत जहाजे तिला सोडवायला येत असल्याची बातमी आली, तेव्हा फेल्डिन यांनी सेनापतीला दोनच शब्दांत हुकूम दिला : सीमा राखा. पाणबुडीवर बहुधा अण्वस्त्रे आहेत, हे देशाला सांगण्याची वेळही नेमकी त्यांच्यावरच आली. पुढच्या वर्षी पाल्मे सत्तेवर परतले. १९८५मध्ये फेल्डिन पक्षाध्यक्षपद सोडून रामविकला गेले.

ज्या भट्टीसाठी शब्द मोडला, ती बार्शेबेकची दुसरी भट्टी ३१ मे २००५ रोजी बंद झाली, सोशल डेमोक्रॅटांच्या सरकारात. पाच वर्षांनी, जून २०१०मध्ये, जुन्या भट्ट्यांच्या जागी नव्या बांधायला रिक्सडागने १७४ विरुद्ध १७२ मतांनी मुभा दिली. तो प्रस्ताव आणणाऱ्या आघाडीत सेंटर पक्षही होता. फेल्डिन तेव्हा ८४ वर्षांचे होते.