वेण्णा लेकचं दव गोठलं, म्हणून तापमानवाढ खोटी?

हिवाळा आला की साताऱ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तोच फोटो फिरतो: महाबळेश्वरात वेण्णा लेकजवळ जीपच्या टपावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरे हिमकण. खाली ठरलेली ओळ, ‘कुठाय तुमची तापमानवाढ?’

फोटो खरा असतो, निष्कर्ष चुकतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्री जमीन, पानं आपली उष्णता आकाशाकडे सोडून देतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. त्यात थंड हवा जड. ती उतारावरून ओघळून तळ्याकाठच्या सखल भागात साचते. म्हणून बाजारपेठेत स्वेटरवर भागतं आणि तळ्याजवळच्या लिंगमळ्याकडे दव गोठतं. हवेचा पारा शून्याच्या वर असतानाही पानावर बर्फ धरतो, तो असा. (महाबळेश्वरला ‘मिनी काश्मीर’ म्हणणाऱ्यांना हे सांगून उपयोग नाही. हौसेला मोल नसतं.)

तापमानवाढ मात्र एका पहाटेवर ठरत नाही. ती जगभरच्या नोंदींच्या अनेक वर्षांच्या सरासरीत दिसते, आणि ती सरासरी औद्योगिक युगापूर्वीपेक्षा १ अंशाहून जास्त चढली आहे. हवेतला उष्णता अडवून धरणारा कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत २८० भागांवरून ४२० च्या पुढे गेलाय. भारतात १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ सर्वांत उष्ण ठरलं. कुडकुडायला लावणाऱ्या रात्री त्याही वर्षी होत्याच.