अखंड उतरण: आकडा कुठून मोजायचा?

विमानाने इंजिने आयडलवर, म्हणजे किमान शक्तीवर, ठेवून मध्ये कुठे सपाट न उडता एका दमात उतरायचे, ही अखंड उतरणीची कल्पना 1973 च्या तेलसंकटाची देणगी असल्याचे सांगितले जाते. ते अर्धेच खरे. खालच्या दाट हवेत जेट इंजिन इंधन पिते, हे बोइंग 707 आणि डीसी-8 च्या वैमानिकांनाही ठाऊक होते. (डीसी-8 ला हवेत वापरण्याजोगे स्पीडब्रेक, म्हणजे पंखांवर उभ्या राहून वारा अडवणाऱ्या पट्ट्या, नव्हते, उंची झटपट घालवायची तर आतल्या दोन इंजिनांचा रिव्हर्स, म्हणजे उलटा झोत, हवेतच लावत!) तेल महागल्यावर बदलली ती शिस्त. स्पीडब्रेक ओढणे म्हणजे आधीच जाळलेले इंधन वाऱ्यावर सोडणे, अशी समज रुजली.

उतरण किती आधी सुरू करायची, हा हिशेब तोंडीच चाले. उंचीच्या हजार फुटांना तीन सागरी मैल, म्हणजे 35,000 फुटांवरून साधारण 105 मैल, शिवाय वेग उतरवायला दहाएक. मागून वारा असेल तर आणखी आधी सुरुवात. जड विमानही आधीच खाली काढावे लागते, कारण त्याच वेगाला ते हलक्यापेक्षा लांबवर तरंगत जाते. नवख्यांना हे हमखास उलटे वाटते. 1982 मध्ये बोइंग 767 सेवेत आले आणि ही सगळी बेरीज-वजाबाकी विमानातल्या फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटरकडे गेली. इंधन महाग की वेळ महाग, हे कंपनीने कॉस्ट इंडेक्सच्या एका आकड्यात सांगायचे. उतरणीचा वेग आणि सुरुवातीची जागा यंत्र काढून देते.

तरीही त्या जागेवरून उतरायला सुरुवात करण्याची परवानगी हवाई नियंत्रकांकडून मिळेलच असे नाही, आणि खरा गुंता तिथेच आहे.

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर अखंड उतरण आली ती आवाजाच्या तक्रारींमुळे, इंधनासाठी नव्हे. त्यामुळे व्याख्याही जमिनीवरच्या कानांच्या सोयीची झाली: साधारण 6,000 फुटांखाली विमान सपाट उडता कामा नये, उडालेच तर एकदाच आणि अडीच सागरी मैलांपेक्षा जास्त नाही. याच्या वर काय झाले, ते या मोजणीत येतच नाही. हीथ्रोला येणारी विमाने गर्दीच्या वेळी चार ठिकाणच्या होल्डिंगमध्ये, बहुधा सात-आठ हजार फुटांच्या वर, एकावर एक घिरट्या घालतात. वीस मिनिटे तिथे फिरून मग खाली सफाईने उतरलेले विमानही 'अखंड' या रकान्यात जमा होते. रहिवाशांच्या दृष्टीने हे योग्यच. पण हाच आकडा कार्बन बचतीच्या भाषणात वापरला जातो, तेव्हा तो फसवा ठरतो.

नियंत्रकांची बाजूही ऐकली पाहिजे. शुद्ध आयडल उतरणीचा मार्ग वजन, वारा, विमानाचा प्रकार, इतकेच काय इंजिनाचे अँटी-आइस (बर्फ साचू न देणारी यंत्रणा) चालू आहे का, यावरही बदलतो. मागेपुढे असलेली दोन विमाने वेगवेगळ्या कोनांतून उतरू लागली की त्यांच्यातले अंतर राखणे कठीण. म्हणूनच 2004 मधली अमेरिकेतल्या लुइव्हिलची प्रसिद्ध चाचणी रात्रीच्या मालवाहू 767 विमानांवर झाली. त्या वेळी आकाश मोकळे असते. उतरताना 400 ते 500 पौंड इंधन वाचले आणि आवाजही घटला. दिवसाच्या गर्दीत मात्र तडजोड करावी लागते: ठरावीक बिंदूंवर उंचीच्या खिडक्या (किमान आणि कमाल उंचीची मर्यादा) आणि जरा सौम्य उतार, मग अधूनमधून थोडी पॉवर लावावी लागली तरी चालेल. माझ्या मते ही तडजोड रास्त आहे, फक्त तिला 'आयडल उतरण' म्हणू नये.

2010 मध्ये अखंड उतरणीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक पुस्तिका आली आणि तिने उतरणीची सुरुवात थेट क्रूझच्या, म्हणजे प्रवासातल्या सपाट उड्डाणाच्या, उंचीपासून धरली. 2014 पासून हीथ्रोने 350 सागरी मैलांवरच्या विमानांनाही वेग कमी करायला सांगण्याचा प्रयोग सुरू केला, म्हणजे घिरट्यांचा काही वेळ वरच, पातळ हवेत, खर्ची पडावा. त्या दूरच्या आकाशाचे नियंत्रण शेजारी देशांच्या हाती असल्याने सगळे त्यांच्या सहकार्यावर अवलंबून आहे. शिवाय वर वाचवलेली मिनिटे अडीच मैलांच्या जुन्या मोजपट्टीत अजूनही दिसत नाहीत.