दोन गुलाबी विमानं: स्पिटफायरचा रंग टोर्नेडोला का चालत नाही

गुलाबी लढाऊ विमान म्हटलं की लोकांना आधी हसू येतं. घरी आलेल्या एका काकांनी माझ्या शेल्फवरचं, मी रंगवलेलं स्पिटफायर विमानाचं छोटं मॉडेल हातात घेऊन विचारलं होतं, “काऊन बे, हे वरातीत उडवाचं हाय का?” भारतीय वायुदलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय नागपुरातच आहे, त्यामुळे इथल्या लोकांना विमानाचं अप्रूप कमी. पण ते करडं नाहीतर हिरवट असणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं.

काकांचं हसणं समजू शकतो. गोंधळ होतो तो मॉडेल करणाऱ्यांचा. ब्रिटिश वायुदलाची दोन विमानं गुलाबी म्हणून प्रसिद्ध आहेत: दुसऱ्या महायुद्धातलं टेहळणीचं स्पिटफायर आणि १९९१च्या आखाती युद्धातलं टोर्नेडो. दोन्ही नाकापासून शेपटीपर्यंत, वरून खालून, एकाच रंगात. पहिल्याला पीआरयू पिंक म्हणतात, दुसऱ्याला डेझर्ट पिंक. दोन्ही नावांत पिंक आहे, म्हणून एकच डबा मागवून दोन्ही रंगवणारे आहेत. मग स्पिटफायर मातकट दिसतं, नाहीतर टोर्नेडो पावडर लावल्यासारखं.

कुठलाही कॅमोफ्लाज, म्हणजे शत्रूच्या नजरेपासून लपवणारा रंग, समजून घ्यायचा तर आधी एकच विचारावं: बघणारा कुठे उभा आहे, आणि त्याच्या नजरेला विमानामागे काय दिसतंय? या दोन रंगांची उत्तरं एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

आधी स्पिटफायर. पीआरयू म्हणजे शत्रूच्या मुलखाचे फोटो काढून आणणारी तुकडी. तिचा पाया घातला सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन माणसाने. युद्धाच्या तोंडावर तो लॉकहीडचं एक खासगी विमान, आत कॅमेरे लपवून, जर्मनीवरून फिरवत असे. लंडनजवळच्या हेस्टन विमानतळावर जोधपूरच्या महाराजांचं फिकट हिरवट विमान उडताना त्याने पाहिलं आणि ते बघता बघता आकाशात दिसेनासं झालं, अशी गोष्ट सांगतात. त्यावरून त्याने आपल्या विमानांसाठी ‘कॅमोटिंट’ नावाचा फिकट हिरवा रंग बनवून घेतला. १९३९ संपता संपता या तुकडीने तोफा उतरवलेली, झिलई केलेली स्पिटफायर वापरायला सुरुवात केली. तोफांच्या वजनाऐवजी कॅमेरे आणि इंधन. वाचायचं ते वेगाच्या आणि उंचीच्या जोरावर.

३०,००० फुटांवर उडणाऱ्या विमानाला निळा रंग लागला, तोच पीआरयू ब्ल्यू. पण इंग्लंड-फ्रान्सकडचं आभाळ म्हणजे बहुतेक दिवस ढग. ढगांवरून फोटो येत नाहीत, खाली उतरावंच लागतं. शिवाय काही गोष्टी वरून घेतलेल्या फोटोत कळतच नाहीत. डिसेंबर १९४१मध्ये टोनी हिल या वैमानिकाने फ्रान्सच्या किनाऱ्यावर ब्रुनेवालला जर्मन रडारचा फोटो अगदी खालून, बाजूने घेतला, तेव्हा कुठे ते यंत्र दिसतं कसं ते कळलं. दोन-अडीच महिन्यांत ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांनी तिथे उतरून त्याचे भाग पळवले.

अशा खालच्या उड्डाणांसाठी गुलाबी. ढगाच्या पोटाशी लागून उडायचं, शक्यतो सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. बघणारा जमिनीवर, विमानविरोधी तोफेशी, मान वर करून. त्याच्या नजरेला विमानामागे आहे ढगाचं पांढुरकं पोट, त्यावर तिरप्या उन्हाची किंचित लाली. सूर्य क्षितिजाजवळ असला की त्याचा उजेड हवेच्या जास्त जाड थरातून येतो, निळा भाग वाटेतच विखुरतो आणि तांबूस उरतो. म्हणून पांढऱ्यात गुलाबीची छटा. मॉडेलवाले नेमके इथे घसरतात. हा रंग मुळात पांढराच आहे. ग्लासभर दुधात रूहअफ्जाचा एखादाच थेंब पडला तर होईल तेवढाच गुलाबी.

त्याचा तोटाही मोठा. वरून एखादं जर्मन फायटर आलं तर गर्द हिरव्या शेतांवर हे फिकट विमान लख्ख दिसणार. पण डोक्यावर ढगांचं छप्पर असताना वरून बघणार कोण? छप्पर फाटलं की परत फिरायचं. १९४४मध्ये नॉर्मंडीच्या लढाईच्या काळात १६ नंबर स्क्वाड्रनची एफआर नाइन जातीची स्पिटफायर या रंगात उडाली. त्यांच्या तोफा जागेवरच होत्या आणि पाठीमागच्या भागात बाजूला तोंड केलेला कॅमेरा. मॉडेल करताना ती कॅमेऱ्याची खिडकी विसरू नका. रंग कितीही बरोबर लागला तरी तिच्याशिवाय ते नुसतंच गुलाबी फायटर.

आता टोर्नेडो. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतलं आणि ब्रिटिश विमानं आखातात जायला निघाली. टोर्नेडो जीआर वन तोवर युरोपात झाडीवरून उडण्यासाठी गडद हिरव्या आणि करड्या पट्ट्यांत रंगवलेलं होतं. वाळवंटावर ती हिरवाई म्हणजे स्वतःचा पत्ता देणं. त्यामुळे वरून एक तात्पुरता रंग चढवला, अल्कलीच्या द्रावणाने धुऊन निघणारा. इथे धोका वरच्या फायटरचा, आणि त्याच्या नजरेला टोर्नेडोच्या मागे आहे वाळू. म्हणजे रंग जमिनीचा हवा. तो निघाला वाळूच्या तपकिरीत लालसर झाक असलेला. उन्हात आणि फोटोंत ती झाक गुलाबी भासते, म्हणून नाव पडलं. जग्वार, म्हणजे आपल्याकडचं शमशेर, आणि नंतर लेझरने लक्ष्य दाखवायला गेलेली बुकॅनियर विमानं, तीही याच रंगात होती.

गंमत अशी की १७ जानेवारी १९९१ला हवाई युद्ध सुरू झाल्यावर टोर्नेडोंचे इराकी धावपट्ट्यांवरचे गाजलेले हल्ले जमिनीला घासून होते खरे, पण बहुतेक रात्रीचे. रात्री वाळूचा रंग काय कामाचा? पुढे ती विमानं मध्यम उंचीवर गेली आणि बुकॅनियरच्या सोबतीने दिवसाही उडू लागली. या रंगाने किती जीव वाचवले याबद्दल मी फारसा भाबडा नाही. मॉडेल म्हणून मात्र त्याला तोड नाही, कारण तो टिकाऊ नव्हता. घासला, उडाला, खालचं हिरवं डोकावलं, आणि उतरताना वेग कमी करायला इंजिनाचा झोत पुढे वळवणाऱ्या थ्रस्ट रिव्हर्सरच्या धुराने शेपटीचा उभा पंख काळा झाला. त्यात ‘मिग ईटर’सारखी नाकावरची चित्रं. रंगवणाऱ्याला याहून काय हवं?

दोन्ही मॉडेलं शेजारी ठेवली की फरक बोलतो. १/७२ मापात स्पिटफायर जेमतेम १३ सेंटिमीटर, टोर्नेडो २३. लहान आकारावर गडद रंग आणखी गडद भासतो, म्हणून टोर्नेडोच्या डब्यातल्या रंगातही थोडा पांढरा मिसळावा लागतो. पण तो स्पिटफायरच्या जवळ जाईल इतका नको. घाई इथेच नडते.

प्रायमरपासूनच, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थरापासूनच, वाटा वेगळ्या होतात. स्पिटफायरला पांढरा प्रायमर. करड्यावर फिकट गुलाबी लावला की तो मळका होतो, आणि तो झाकण्यासाठी थरावर थर चढवले की पॅनेलच्या रेषा बुजतात. मी पांढऱ्यात लाइट इंडियन रेड काडीच्या टोकावर घेऊन मिसळतो, आणि ढवळून झाल्यावर तो पांढऱ्या कागदाशेजारी ठेवला तरच गुलाबी वाटायला हवा. एकटा पाहिल्यावर लगेच गुलाबी दिसला तर जास्त झालाय. ट्यूबलाइटखाली हे ठरवू नये, खिडकीशी जाऊन बघावं. रेषांमध्ये काळा वॉश, म्हणजे अगदी पातळ केलेला रंग, टाकला की विमान कार्टूनसारखं दिसतं. फिकट करडा-तपकिरी पुरतो. ही विमानं वेगासाठी गुळगुळीत ठेवलेली असायची, त्यामुळे एक्झॉस्टमागे धुराची पुसट रेघ, बाकी स्वच्छ.

टोर्नेडोला आधी खरोखरच हिरवा-करडा कॅमोफ्लाज रंगवून घ्यावा, अगदी नीटनेटका नसला तरी चालेल. त्यावर हेअरस्प्रे, मग वाळूचा अॅक्रिलिक रंग, आणि वाळल्या वाळल्या ओल्या, आखूड केसांच्या ब्रशने पंखांच्या कडा, पॅनेलचे कोपरे आणि वैमानिक पाय ठेवतात ती जागा हलकेच घासायची. पाण्याने खालचा स्प्रे सुटतो आणि वरच्या रंगाचे कपचे निघतात, खऱ्या विमानासारखे. नागपुरात मे महिन्यात हे करायचं तर घाई करा. ४५ अंशांत रंग इतका कडक होतो की दुसऱ्या दिवशी कितीही घासा, ढिम्म हलत नाही. एअरब्रशच्या टोकावरही रंग सुकून बसतो. रंग उशिरा सुकवणाऱ्या रिटार्डरचे दोन थेंब आणि पहाटेची वेळ, दुसरा इलाज नाही. कूलरसमोर बसून स्प्रे करण्याचा विचारही नको, आर्द्रता आणि धूळ दोन्ही येऊन चिकटतात.

पटत नसेल तर जुलैत ढग खाली आलेले असताना दोन्ही मॉडेलं गच्चीवर न्या. हात उंच करून स्पिटफायर ढगावर धरा आणि कुणालातरी खालून बघायला सांगा. फिकट विमानाची कड पुसट होते, टोर्नेडो मात्र काळं ठिपकं होऊन उरतं. मग दोन्ही बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर ठेवून वरून पाहा, निकाल उलटा लागतो. शहराबाहेरच्या काळ्या मातीवर मात्र दोघांचीही लाज जाते. विदर्भासाठी यांतला एकही रंग बनलेला नाही.

गुलाबीचं खूळ डोक्यात शिरलं की माणूस इथे थांबत नाही. ब्रिटिश लष्कराच्या एसएएस या कमांडो तुकडीच्या ‘पिंक पँथर’ लँडरोव्हर गाड्याही वाळवंटासाठीच गुलाबी होत्या, त्यांना टोर्नेडोचा डबा जवळचा. माउंटबॅटन पिंक वेगळाच. तो १९४०च्या सुमारास लॉर्ड माउंटबॅटननी आपल्या युद्धनौकांना लावलेला, करड्यात लालसर मिसळून केलेला जांभळट रंग. त्यासाठी वरचे दोन्ही डबे बाजूला ठेवा आणि करड्यापासून सुरुवात करा.