पुनर्बांधणी (व्यावसायिक बास्केटबॉल)

सतत हरणाऱ्या संघाने महागडे, अनुभवी खेळाडू सोडून द्यायचे, विशीतल्या मुलांच्या हाती खेळ सोपवायचा आणि काही हंगाम पराभव पचवत नवा संघ उभारायचा, या धोरणाला पुनर्बांधणी म्हणतात. अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये ही रीत रुजली, कारण तिथले नियमच तिला पोसतात. युरोपीय फुटबॉलमध्ये तळाचा संघ खालच्या श्रेणीत जातो. एनबीएत त्याला नवोदितांच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, वरचा क्रमांक मिळण्याची संधी असते. शिवाय पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा सुरुवातीचा पगार ठरलेला आणि तुलनेने कमी असतो.

साहजिकच हरण्याचा मोह होतो. खेळाडू जीव तोडून खेळतात; व्यवस्थापनच त्यांना दुबळी फळी देते. याला आळा घालण्यासाठी 1985 मध्ये लॉटरी आली, म्हणजे ड्राफ्टमधले वरचे क्रमांक सोडतीने ठरू लागले. 2019 मध्ये तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकाची सारखीच, 14 टक्के संधी देण्यात आली; त्याआधी सर्वांत तळाच्या संघाला ती 25 टक्के होती. फिलाडेल्फियाच्या संघाने व्यवस्थापक सॅम हिंकी यांच्या कारकिर्दीत तीन हंगामांत 47 सामने जिंकले आणि 199 गमावले. त्यातून जोएल एम्बीडसारखा मोठा खेळाडू मिळाला, पण तीन हंगाम हरण्याची सवय लागलेला संघ कसा दिसतो, हेही त्याच काळात दिसले.

लॉटरी किती लहरी असते ते डेट्रॉइटला विचारावे. 2023 आणि 2024, दोन्ही वर्षी हा संघ तळाशी होता आणि दोन्ही वेळा त्याच्या वाट्याला पाचवा क्रमांक आला. 2023-24 मध्ये तर तो सलग 28 सामने हरला आणि 82 पैकी फक्त 14 जिंकला. पुढच्याच हंगामात त्याने 44 सामने जिंकले. गाभा तोच होता: 2021 च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडलेला केड कनिंगहॅम आणि त्याच्या बरोबरीची मुले. बदलले ते भोवतालचे. नवे प्रशिक्षक आले आणि टोबायस हॅरिस, मलिक बीझली यांच्यासारखे मुरलेले खेळाडू आले. नुसत्या पोरांवर संघ चालत नाही, सोबत चार जाणती माणसे लागतात. पुनर्बांधणीच्या गप्पांत हे फार उशिरा आठवते.

ओक्लाहोमा सिटीने 2019 मध्ये पॉल जॉर्ज हा तारा दिला आणि बदल्यात तरुण शे गिल्जस-अलेक्झांडर व ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत खेळाडू निवडण्याचे पाच हक्क घेतले. हातचे सोडून पळत्याच्या मागे लागणे, असे तेव्हा कुणालाही वाटले असते. त्यातल्याच एका हक्कावर 2022 मध्ये जेलन विल्यम्स आला. 2021-22 मध्ये 24 विजयांवर थांबलेला हा संघ 2025 मध्ये विजेता ठरला.

पुण्यात हे गणित जसेच्या तसे लागू होत नाही. 2015 मध्ये सुरू झालेल्या यूबीए या भारतीय बास्केटबॉल लीगमध्ये पुणे पेशवाज हा संघ होता. पण लीगच काही हंगामांत थांबली, आणि पुनर्बांधणीला आधी टिकणारी स्पर्धा लागते. शहरात खेळाची परंपरा जुनी आहे. डेक्कन जिमखान्याच्या कोर्टवर मुले घडतात आणि भारतीय महिला संघाची कर्णधार राहिलेली शिरीन लिमये पुण्याचीच. घडलेल्या खेळाडूला घेणारा व्यावसायिक संघ मात्र शहरात टिकलेला नाही.

पुणेकरांना या कल्पनेचे जवळचे रूप सापडते ते कबड्डीत. पुणेरी पलटणने आपल्या युवा पलटण अकादमीतल्या अस्लम इनामदार, मोहित गोयत यांसारख्या मुलांवर संघ बांधला. प्रो कबड्डी लीगच्या 2022 च्या अंतिम सामन्यात हा संघ जयपूरकडून हरला. मग लिलावात इराणच्या मोहम्मदरझा शादलूवर 2.35 कोटी रुपये खर्च झाले, आणि 1 मार्च 2024 रोजी हरियाणाला 28-25 असे हरवून पलटणने प्रो कबड्डीतले आपले पहिले विजेतेपद मिळवले. कर्णधार होता अस्लम.