पारपटलातील भिंगारोपण

बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे पारपटलात, बारीक चकती किंवा भिंग बसवून जवळचे स्पष्ट दिसावे यासाठी केली जाणारी शस्त्रक्रिया. मोतीबिंदूनंतरचे भिंग वेगळे. ते डोळ्याच्या आत, नैसर्गिक भिंगाच्या जागी बसते.

‘जवळचा नंबर’ म्हणताना दोन दोषांची गल्लत होते. दूरदृष्टितेत नेत्रगोल आखूड किंवा पारपटल चपटे असते, म्हणून प्रतिमा दृष्टिपटलाच्या मागे पडते. हा दोष लहान मुलांतही आढळतो. चाळिशीत डोळ्यातले भिंग वयोमानाने ताठर होते. नागपूरच्या इतवारी सराफ्यात नथीचे मोती ओवणारा कारागीर तार हळूहळू लांब धरू लागतो आणि हात पुरेनासा झाला की सीताबर्डीच्या बाजारातून चष्मा करून आणतो, ती चाळिशी. बाजारात आलेल्या बहुतेक चकत्या तिच्यासाठीच होत्या. दूरदृष्टिता असलेल्याने हे आधी समजून घ्यावे.

पारपटलाच्या थरांत भिंग घालण्याची कल्पना नेत्रतज्ज्ञ होसे बारॅकेर यांनी १९४९ मध्ये मांडली. अडचण पारपटलाच्या घडणीतच आहे. सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीच्या या पडद्यात रक्तवाहिन्या नाहीत. प्राणवायू अश्रूंतून मिळतो, ग्लुकोज पारपटलामागच्या द्रवातून, म्हणजे नेत्रजलातून. मध्येच प्लॅस्टिक आले की वरच्या थरांची उपासमार होते आणि पडदा धुरकट होऊ लागतो. म्हणूनच ‘कॅम्रा’ या ३.८ मिलिमीटर व्यासाच्या काळ्या चकतीला ८,४०० सूक्ष्म छिद्रे ठेवली होती. मधल्या १.६ मिलिमीटरच्या भोकातून, डोळे बारीक करून पाहावे तसे, जवळचे नीट दिसते. ती एकाच डोळ्यात बसवत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला २०१५ मध्ये परवानगी दिली.

‘रेनड्रॉप’ या जलयुक्त भिंगाला २०१६ मध्ये परवानगी मिळाली. ते पारपटलाला मधोमध किंचित फुगीर करी. मंजुरीनंतरच्या अभ्यासात सुमारे ७५ टक्के रुग्णांच्या पारपटलावर धूसरपणा आढळला आणि २०१८ मध्ये ते बाजारातून परत घेण्यात आले. चकती काढता येते, हे खरे. पण आलेला धूसरपणा तिच्याबरोबर जाईलच असे नाही. ‘चष्मा कायमचा जाईल’ एवढेच सांगून कोणाला टेबलावर घेणे योग्य नाही.

चकतीसाठी पारपटलात छेद घेताना तिथल्या नसा कापल्या जातात, अश्रू कमी होतात आणि डोळे कोरडे पडतात. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांवर जातो, कोरडी लू वाहते. इथल्या रुग्णाने शस्त्रक्रियेआधी अश्रूंची तपासणी टाळू नये.

आता लक्ष मानवी ऊतीकडे वळले आहे. लघुदृष्टीचा, म्हणजे दूरचे अंधुक दिसण्याचा, नंबर लेझरने काढण्याच्या एका पद्धतीत पारपटलातून भिंगाच्या आकाराचा पातळ तुकडा निघतो, एरवी तो टाकून दिला जातो. तोच दूरदृष्टिता असलेल्या दुसऱ्या माणसाच्या पारपटलात बसवल्याचा काठमांडूतील प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चेन्नईत डॉ. सूझन जेकब यांनी असाच तुकडा छोटा कापून चाळिशीसाठी वापरला. ही ऊती पाणी, प्राणवायू आणि ग्लुकोज अडवत नाही.